एलडीएल १०६, मग घोर कशाचा?

निपाणीचे आमचे मामा रक्ताचा रिपोर्ट घेऊन बेळगावला आले. एलडीएलच्या आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल काढला होता: १०६. "वाईट कोलेस्टेरॉल बेतात आहे की! मग डॉक्टर गोळीसाठी एवढे का मागे लागलेत?" त्याच कागदावर एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० होतं. माझी नजर या शेवटच्या दोन आकड्यांवर अडली.

मामांचे हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेलं. आईच्या शिवणाच्या टेपने घेर मोजला, तर ९८ सेंटिमीटर भरला. (पँटचा नंबर यात उपयोगाचा नाही, पँट पोटाखाली घातलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं.) आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटर झाला की खूण पडते. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, या बाकीच्या चार खुणा. पाचांतल्या तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मामांच्या तीन तिथेच भरल्या.

यात घडतं ते असं. पोटातली चरबी इन्शुलिनला जुमानेनाशी होते आणि तिच्यातून मेदाम्लं सुटून यकृताकडे जातात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून कणांमध्ये भरून रक्तात सोडतं. हे कण एलडीएल आणि एचडीएलला आपलं ट्रायग्लिसराइड देतात, त्यांच्याकडचं कोलेस्टेरॉल घेतात. या देवघेवीत एचडीएल लवकर संपतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात.

ऊसतोडीच्या हंगामात चिकोडीकडचा रस्ता आठवा. तेवढाच ऊस मोठ्या ट्रॉल्यांतून नेला तर दहा वाहनं, बैलगाड्यांतून नेला तर कितीतरी जास्त. ऊस म्हणजे कोलेस्टेरॉल, गाड्या म्हणजे ते वाहणारे कण. आपला रिपोर्ट ऊस तोलतो, गाड्या मोजत नाही. धमनीच्या भिंतीत घुसून अडकतात त्या मात्र गाड्या. प्रत्येक गाडीवर अपोबी नावाचं एकच प्रथिन असतं, म्हणून अपोबीची तपासणी म्हणजे थेट गाड्यांची मोजणी.

ती तपासणी सगळीकडे होत नाही. पण एक वजाबाकी फुकटात होते. एकूण १९० मधून एचडीएल ३२ काढलं की उरतात १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात, धमनीत अडकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. ते एलडीएलपेक्षा साधारण ३० ने जास्त चालतं. मामांचं ५२ ने जास्त! शिवाय १०६ हा आकडाही बहुतेकदा मोजलेला नसतो, १५८ मधून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ५२, वजा करून काढलेला असतो. मामांनी पेन मागितलं आणि स्वतः वजाबाकी करून पाहिली.

ट्रायग्लिसराइडची एक गोष्ट मला फार आशेची वाटते. वजन ५ ते १० टक्के उतरलं की ते साधारण पाचव्या हिश्शाने उतरू शकतं. ते वाढवतात साखर, पांढऱ्या भाताचा ढीग आणि दारू. विडी एचडीएल आणखी खाली ओढते, आणि निपाणीत तर घरोघरी तंबाखूशी नातं. कुंद्याचा (बेळगावच्या गोड मिठाईचा) डबा मामांनी न उघडताच आईकडे दिला.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू झाली आहे, जेवणानंतर अर्धा तास चालणंही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे.