मीठ आणि बेळगाव सीमाभागातली भाषा

मीठ म्हणजे रोजच्या जेवणातलं सोडियम क्लोराइड, पण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ते कधीच पिकत नव्हतं, सगळं खालनं यायचं, कोकण-गोव्याच्या मिठागरातनं बैलांच्या पाठीवर घाट चढून. ही ने-आण लमाणी तांडे करायचे, आणि लमाण हे नावच लवण या शब्दावरनं आलं असं बरेच जण मानतात. मिठाला किती भाव होता ते शिवाजी महाराजांच्या 1671 च्या पत्रावरनं कळतं, कुडाळच्या सुभेदाराला त्यांनी कळवलं की गोव्यातल्या बारदेशच्या मिठावर जबर जकात बसव, नाहीतर तिकडचं स्वस्त मीठ येऊन आपल्या मुलखातल्या संगमेश्वरचं मीठ पडून राहील. पुढं इंग्रजांनी कर लावला आणि 1930 मध्ये दांडीनंतर आपल्या जवळच्या, वेंगुर्ल्याकडच्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला.

एवढी लांबनं येणारी वस्तू म्हटल्यावर ती बोलण्यात मुरणारच. गंमत म्हणजे मीठ हा शब्द मूळ मिष्ट, म्हणजे गोड, यातनं आलाय, आणि जुना लवण हा शब्द लोणच्यात आणि अळणीत टिकून राहिला. सॅलरी शब्दाचं मूळही लॅटिनमधल्या मिठातच आहे, मात्र रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच द्यायचे ही जी गोष्ट सांगतात तिला पक्का पुरावा नाही.

आपल्याकडं तर दोन भाषांचं मीठ एकाच ताटात आहे. काही जण ज्याला उपमा म्हणतात ते आपलं उप्पीट, कानडी उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. मराठीत खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, म्हणजे मीठ इथं उपकार आहे. कानडीत 'उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु', मीठ खाल्लं त्यानं पाणी प्यायलाच पाहिजे, म्हणजे केलं ते भोगायचं, तिथं तेच मीठ चूक होऊन बसतं. एकाच गल्लीत दोन्ही म्हणी ऐकू येतात आणि दोन्ही मला तितक्याच खऱ्या वाटतात. बाकी तिखटमीठ लावून सांगणं, नावडतीचं मीठ अळणी, दुधात मिठाचा खडा, हे तर सगळ्या महाराष्ट्रात चालतं.

वागण्यातही ते आहे. ताटात पहिलं मीठ वाढतात, वर मधोमध, पण हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणून. पोराची दृष्ट काढताना आजी मूठभर खडेमीठ नि मोहरी तीनदा ओवाळून चुलीत टाकते, चूल नसली तर गॅसवरच्या तव्यात, आणि जोरात तडतडलं की म्हणते, बघ, केवढी लागलीती.