ना-नफा संस्थांतील सौर वीज

शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम, वसतिगृहे, ग्रंथालये, प्रार्थनास्थळे अशा नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांनी आपल्या छतावर किंवा आवारात सौर प्रकाशविद्युत् संच बसवून वीजखर्च कमी करण्याची पद्धत. हा संच घरगुती किंवा औद्योगिक संचाहून तांत्रिकदृष्ट्या वेगळा नसतो. वेगळा असतो तो हिशेब. अशा संस्थेला बहुधा प्राप्तिकर नसतो, हाताशी भांडवल थोडे असते आणि वीजबिल भागते ते देणग्यांतून.

सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारातील पॅनेल (अनेक घट जोडून केलेले फलक) २० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे आहेत. पॅनेलवर छापलेली क्षमता २५° से. तापमानाला मोजलेली असते. त्यावरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. भर दुपारी तापलेल्या छतावर पॅनेल ६०° से.पर्यंत जाते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेपायीच जाते. सावलीचे नुकसान याहून फसवे. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी एकसरीत जोडलेल्या सर्व घटांचा प्रवाह अडतो; सावलीतल्या घटांना वळसा घालून प्रवाहाला वाट देणारे बायपास डायोड हे नुकसान मर्यादित ठेवतात, पण पूर्णपणे टाळू शकत नाहीत.

*नेट मीटरिंग व त्याचा उगम :* बचतीचा कणा म्हणजे नेट मीटरिंग. दिवसा उरलेली वीज वीजकंपनीच्या जाळ्यात सोडायची आणि नंतर घेतलेल्या विजेतून ती वजा करून घ्यायची. या पद्धतीच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेतील वास्तुविशारद स्टीव्हन स्ट्राँग यांनी १९७९ च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील इमारतींवर संच बसवले, तेव्हा मीटर उलटा फिरू लागला व तेथूनच ही कल्पना निघाली, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र हे मीटरच्या रचनेचेच फलित होते. जुन्या विद्युत्‌यांत्रिक मीटरमधील ॲल्युमिनियमची चकती, उलट फिरण्यास अडसर बसवलेला नसेल, तर वीज उलट दिशेने वाहताच मागे फिरते आणि आकडे उतरू लागतात. त्याला धोरण म्हणणे कठीण आहे. दुसरे मत आयडाहो (१९८०) व ॲरिझोना (१९८१) या अमेरिकी राज्यांतील नियमांकडे बोट दाखवते. मिनेसोटाने १९८३ मध्ये लहान उत्पादकांसाठी राज्यभर लागू होणारा कायदा केला. पद्धत हक्क म्हणून तेथे प्रथम स्थिरावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या साऱ्यांना आधार होता तो लहान उत्पादकांची वीज विकत घेणे कंपन्यांना भाग पाडणाऱ्या १९७८ च्या संघीय कायद्याचा.

आजचे अंकीय मीटर आलेली व गेलेली वीज स्वतंत्रपणे नोंदवतात, त्यामुळे दोहोंना निरनिराळा दर लावता येतो. समजा, एखाद्या वसतिगृहाला महिन्याला १,००० युनिट लागतात. संच ९०० देतो, पण त्यांतील ५०० च दिवसा वापरले जातात. नेट मीटरिंगमध्ये बिल १०० युनिटांचे येते. उरलेल्या ४०० युनिटांना कमी दर मिळत असेल, तर बिल ५०० युनिटांचे होते व त्यातून ती किरकोळ रक्कम वजा होते. म्हणून पाण्याचा पंप, धुलाईयंत्र, गिझर दुपारी चालवण्याची शिस्त पुष्कळदा दोन जादा पॅनेलांहून मोलाची ठरते. शाळांचे दुखणे निराळे: सुट्टीत संच भरपूर वीज देतो, पण वर्ग बंद असतात. बिलातील स्थिर आकार आणि मागणी आकार (सर्वाधिक भारावर लागणारा) सौर विजेने सहसा फारसे हलत नाहीत. सर्वाधिक भार संध्याकाळी असेल, तर मुळीच नाही.

*भांडवल व कर :* अनेक देशांत सौर ऊर्जेला उत्तेजन करसवलतीतून दिले गेले. ज्याला करच नाही त्याला सवलतीचा उपयोग काय, ही विसंगती अमेरिकेत विशेष ठळक झाली. तेथे २००६ पासून व्यावसायिक संचांना खर्चाच्या ३० टक्के रकमेची करवजावट होती, पण धर्मादाय संस्था तिच्यापासून वंचित राहिल्या. यातून त्रयस्थ मालकीची वाट निघाली. संच गुंतवणूकदाराचा, छत संस्थेचे. सवलत गुंतवणूकदार घेतो आणि संस्था पंधरा ते पंचवीस वर्षांच्या करारानुसार ठरलेल्या दराने वीज विकत घेते. करारातील दोन कलमे बारकाईने वाचावी लागतात: दरवर्षी दर किती वाढणार, आणि छत दुरुस्तीसाठी संच उतरवायचा झाल्यास तो खर्च कोणाचा. गळके छत आधी दुरुस्त न करता वर संच चढवणे ही नेहमीची चूक होय. २०२२ च्या कायद्याने करमुक्त संस्थांना वजावटीइतकी रक्कम थेट देण्याची सोय केली. २०२५ च्या कायद्याने सौर प्रकल्पांसाठी तिला मुदतीची कात्री लावली. जर्मनीने (कायदा २०००) जाळ्यात सोडलेल्या विजेला वीस वर्षे हमी दर देण्याचा मार्ग धरला. त्यात कराचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे संस्थांना तो सोयीचा होता. ब्रिटनची तशीच योजना नव्या संचांसाठी २०१० ते २०१९ खुली होती.

*देखभाल :* पॅनेलचे उत्पादन वर्षाला सुमारे अर्ध्या टक्क्याने घटते व पंचवीस वर्षांची हमी सर्रास मिळते. पॅनेलची एकदिश वीज वापरायोग्य प्रत्यावर्ती करणारा इन्व्हर्टर मात्र बहुधा दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो. देणगी उभारणीला मिळते, इन्व्हर्टर बदलायला क्वचितच. धूळ व पक्ष्यांची विष्ठा धुण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नसते.

वीजजाळे न पोचलेल्या दवाखान्यांत बचत होते ती डिझेलची किंवा रॉकेलची. तेथील सौर लस-शीतकपाटे पूर्वी बॅटरीवर चालत; काही वर्षांत बॅटरी संपली की कपाट बंद पडे. बॅटरीविना थेट पॅनेलवर चालणाऱ्या कपाटात दिवसा बर्फ किंवा तत्सम पदार्थ गोठवला जातो आणि रात्रभर तोच लस २° ते ८° से. तापमानात राखतो.