“आता काय बनवू?” : ठोकळ्यांच्या खेळामागचा इतिहास

सहामाही परीक्षा संपली की आमच्या घरात माळ्यावरून श्रीखंडाचा रिकामा मोठा डबा खाली येतो. त्यात प्लॅस्टिकचे ब्लॉक्स. काही विकत घेतलेले, काही मोठ्या भाचरांकडून आलेले, दोन-चार वेगवेगळ्या संचांतले. मूळ खोकी आणि त्यांतली चित्रांची पत्रकं केव्हाच रद्दीत गेली. मुलगी डबा जमिनीवर उपडा करते, पाच मिनिटं हात फिरवते आणि विचारते, “बाबा, आता काय बनवू?” गेल्या वर्षी मी या प्रश्नाच्या मागे लागलो आणि जवळपास दोनशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात जर्मनीतल्या थुरिंगियात होते. फ्रेडरिक फ्रोबेल हा वनखात्यात उमेदवारी केलेला, पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांच्या संग्रहावर काम केलेला शिक्षक. स्फटिकांमधली नियमबद्धता त्याच्या मनात घर करून राहिली होती. १८३७ साली बाड ब्लांकनबुर्ग गावात त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो ‘भेटी’ म्हणे. तिसऱ्या भेटीत एक लाकडी घन असे, आठ सारख्या लहान घनांचा मिळून झालेला. पेटी उपडी ठेवायची, सरकतं झाकण ओढून घ्यायचं आणि पेटी अलगद वर उचलायची. मुलाला आधी अखंड घन दिसे, मग त्याचे भाग.

फ्रोबेलने घातलेले दोन नियम मला आजही फार मोलाचे वाटतात. रचनेत सगळे ठोकळे वापरायचे, एकही बाजूला उरता कामा नये. आणि एक रचना झाली की ती मोडून टाकायची नाही, ठोकळे सरकवत तिच्यातूनच पुढची घडवायची. खुर्चीचा जिना, जिन्याची विहीर. रचनांचे प्रकार त्याने तीन मानले होते. रोजच्या जगण्यातल्या वस्तू हा पहिला, मोजणी आणि भाग पाडणं हा दुसरा आणि केवळ डोळ्यांना सुख देणाऱ्या सममित आकृत्या हा तिसरा. हा तिसरा प्रकार वाचताना मला लगेच आईची ठिपक्यांची रांगोळी आठवली. ब्लॉक्सच्या हिरव्या पाटावरची बटणं, म्हणजे विटा ज्यांवर बसतात ते गोल उंचवटे, हे आयते ठिपकेच. पाटाच्या मध्यावर एक वीट लावायची आणि चारही बाजूंना जे एकीकडे, तेच दुसरीकडे असं करत बाहेर जायचं. चार-पाच वर्षांच्या मुलांनाही हे जमतं.

बाड ब्लांकनबुर्गजवळच्याच रुडोलश्टाट गावातून १८८०च्या दशकात दगडी ठोकळे बाजारात आले. वाळू, खडू आणि जवसाचं तेल एकत्र दाबून ते बनवत. कल्पना ओटो आणि गुस्ताव लिलिएन्थाल या भावांची. यांतला ओटो म्हणजे पुढे ग्लायडरने उड्डाणं करणारा तोच. पैशांची चणचण असल्याने त्यांनी ती रिख्टर नावाच्या उद्योजकाला विकली आणि रिख्टरने धंदा मोठा केला. त्याच्या पेटीसोबत नमुन्यांची पुस्तिका येई, त्यात चर्च, पूल आणि मनोऱ्यांची चित्रं. १९०१ साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने पेटंट घेतलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळाचंही तसंच, पट्ट्या, नटबोल्ट आणि सोबत पुस्तक. पुढे त्याचं नाव मेकॅनो झालं आणि मध्यमवर्गीय मराठी घरांतही तो शब्द रुळला. “काय बनवू?” याचं छापील उत्तर देण्याची पद्धत ही अशी प्लॅस्टिकच्या विटेहून जुनी आहे.

प्लॅस्टिकची वीट नंतरची. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले किर्क क्रिस्तियानसेन १९३२पासून लाकडी खेळणी करू लागला. १९३४ साली ‘चांगलं खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याच्या कंपनीचं लेगो हे नाव तयार झालं. इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेजच्या एकमेकांत बसणाऱ्या विटांवरून लेगोने १९४९ साली आपली वीट काढली. ती आतून पोकळ होती, त्यामुळे रचना सहज सुटे. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, त्यात विटेच्या पोटात नळ्या होत्या. खालच्या विटेची बटणं या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट धरली जातात. १९६३पासून आधीच्या प्लॅस्टिकऐवजी एबीएस नावाचं जास्त कडक प्लॅस्टिक आलं आणि वीट वाकेनाशी झाली. विटेची मापं मात्र तीच राहिली, दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. म्हणजे ५ विटांची उंची बरोबर ६ बटणांच्या रुंदीइतकी. चौरस बुरूज उभा करताना हे माप उपयोगी पडतं.

आठ बटणांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारे. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी सहा विटांचा हिशेब केला, तेव्हा आकडा आला ९१,५१,०३,७६५. एक्याण्णव कोटींहून जास्त. तरी मूल डब्यापुढे बसून अडतं, आणि ते मला पूर्ण समजतं. इतक्या वाटा असल्या की पहिलं पाऊल कुठे टाकायचं हेच दिसत नाही. १९६४ साली लेगोने संचांसोबत बांधणीच्या पायऱ्यांची पत्रकं द्यायला सुरुवात केली. पत्रक पहिलं पाऊल दाखवतं, पण शेवटचंही तेच दाखवतं.

पुढच्या काळात संच विषयांवर बेतले जाऊ लागले. १९७८ साली हातपाय हलवणारी छोटी माणसं आली, १९९९ साली चित्रपटांवरचे संच. एकाच संचात उपयोगी पडणारे खास तुकडे वाढत गेले. २००३-०४मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली आणि सावरताना तिने हजारो प्रकारचे तुकडे बंद केले. साध्या विटांनी भरलेला खुला डबा पुन्हा ठळकपणे बाजारात आला. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने या इतिहासातली ही सर्वांत चांगली घडामोड आहे.

आपल्याकडे परदेशी डबा फार काळ नातेवाइकांच्या बॅगेतूनच येत असे. पेटंटची मुदत संपल्यावर तशाच आकाराच्या विटा कुणालाही करता येऊ लागल्या. विटेचा आकार हे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयानेही २०१० साली दिला. पुण्याच्या तुळशीबागेत आणि बोहरी आळीत मिळणारे स्वस्त ब्लॉक्स याच वाटेवरचे. त्यांतले काही मऊ प्लॅस्टिकचे असतात, ते लवकर सैल होतात. २०२० साली आयात खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७० टक्के. जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. महाग संच घरात येण्यापेक्षा थोरल्या भावंडांचे ब्लॉक्स धाकट्यांकडे जाणं वाढलं, आणि अशा डब्यासोबत पत्रक बहुधा नसतंच.

पण पुण्यातल्या मुलांकडे पत्रकाशिवाय बांधण्याची एक जुनी परंपरा आहे, ती म्हणजे दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, पोती, त्यावर चिखल, उतारावर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. कोणत्या सोसायटीत कोणता किल्ला होणार याची चर्चा दसऱ्यापासून चालते. मुलं फोटो पाहतात, नकाशे काढतात, आदल्या रविवारी खरोखर गडावर जाऊन येतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले.

हीच सवय मी डब्याकडे वळवली. राजगडावर संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे, दोन भिंती आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट. ब्लॉक्समध्ये दोन भिंतींत दोन बटणांची जागा सोडली की ती वाट तयार होते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला, समोरून दिसत नाही. तो बांधताना मुलीला पहिल्यांदा प्रश्न पडला की शत्रू नेमका कुठून येणार. तिची पहिली भिंत मधोमध फुटली होती, कारण सगळे उभे सांधे एकावर एक आले होते. आम्ही खाली जाऊन समोरच्या बांधकामावर गवंडी वीट कशी लावतो ते पाहिलं. प्रत्येक थराला अर्धी वीट सरकवून. त्यानंतर तिची भिंत फुटली नाही.

मग आम्ही शनिवारवाड्यात गेलो. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातलेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे उरले, आत मात्र फक्त जोती. वाड्याचा अख्खा आराखडा जमिनीवर पसरलेला दिसतो. मुलीने एक चौक पावलांनी मोजला, आकडे वहीत लिहिले आणि घरी येऊन चार पावलांना एक बटण धरून हिरव्या पाटावर तो मांडला. मी म्हटलं, आता यावर मजले चढव. ती म्हणाली, “ते जळाले ना बाबा,” आणि दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यासाठी तपकिरी विटा शोधू लागली. तपकिरी नऊच निघाल्या, म्हणून उरलेला नगारखाना लाल झाला.