घडीचं पोस्टर म्हणजे खराब पोस्टर?

"जुन्या काउबॉयपटाच्या पोस्टरवर घडीच्या रेघा दिसल्या तर घेऊ नका, अस्सल पोस्टर गुंडाळीतच येतं." हा सल्ला संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही चटकन, कारण घडी म्हणजे हेळसांड असंच आपल्याला वाटतं.

अमेरिकेत मात्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक पोस्टरं थिएटरांकडे घड्या घालूनच जायची. त्यामुळे १९५६ सालचं पोस्टर सपाट, करकरीत दिसलं तर ते जास्त बारकाईने तपासावं. (मुळात गुंडाळलेली पोस्टरंही सापडतात, पण थोडी.)

आधी टेपने माप घ्या. त्या काळच्या 'वन-शीट'चा, म्हणजे थिएटरात लागणाऱ्या नेहमीच्या पोस्टरचा, आकार साधारण २७ बाय ४१ इंच, तर पुनर्मुद्रणं बहुधा २४ बाय ३६ची. मग खालचा आकडा बघा. '५६/' अशी सुरुवात म्हणजे १९५६. त्याआधी इंग्रजी 'आर' असेल तर पोस्टर पुनर्प्रदर्शनाचं.

आकडा नकलेवरही उमटतो, म्हणून बोट फिरवून बघा. मूळ पोस्टरचा फोटो काढून केलेल्या नकलेत घडीसुद्धा छापली जाते: रेघ डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही. ही खूण मला फार आवडते. मुद्दाम घडी घातलेल्या नकलाही असतात. त्यांतली श्रेयनामावलीची बारीक अक्षरं भिंगाखाली अनेकदा धूसर दिसतात.