शेल स्क्रिप्टमधील नल बाइट

नल बाइट म्हणजे आठही बिट शून्य असलेला बाइट. चित्रे, झिप फाइली, कंपाइल केलेले प्रोग्रॅम अशा बायनरी डेटात तो जागोजागी असतो, आणि शेल स्क्रिप्ट (शेल या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली आज्ञांची फाइल) नेमकी त्याच्यापाशीच अडते. याचे मूळ सी भाषेत आहे. सीमध्ये स्ट्रिंगची (अक्षरांच्या मालिकेची) लांबी वेगळी नोंदवत नाहीत. नल बाइट आला की स्ट्रिंग संपली. बॅश आणि डॅश या शेल व्हेरिएबलची किंमत अशाच स्ट्रिंगमध्ये ठेवतात, त्यामुळे तिथे नल बाइटला जागाच नाही. झेडएसएच ही शेल त्याला व्हेरिएबलमध्ये सामावून घेते, पण बाहेरच्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून तो तिलाही देता येत नाही. कारण नवा प्रोग्रॅम सुरू करणारा ‘एक्झेकव्हीई’ हा सिस्टिम कॉल आर्ग्युमेंट आणि एन्व्हायरन्मेंट (प्रोग्रॅमला सोबत मिळणारी व्हेरिएबल) दोन्ही नलने संपणाऱ्या स्ट्रिंग म्हणूनच घेतो.

प्रिंटएफने ‘ए’, नल आणि ‘बी’ हे तीन बाइट छापून पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला पोचवणाऱ्या मार्गाने) बाइट मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी -सी’कडे धाडले, तर मोजणी ३ येते. तेच आउटपुट कमांड सब्स्टिट्यूशनने (कमांडच्या जागी तिचे आउटपुट घालण्याच्या सोयीने) बॅशच्या व्हेरिएबलमध्ये घेतले की लांबी २ भरते. मधला नल गळून जातो. २०१६ मध्ये आलेल्या ४.४ आवृत्तीपासून बॅश निदान तसा इशारा छापते. डॅश आजही गुपचूप गाळते. कमांड सब्स्टिट्यूशन शेवटच्या सगळ्या न्यूलाइनही (ओळ संपवणारे बाइट) कापते, म्हणजे ज्या फाइलीत एकही नल नाही तीसुद्धा व्हेरिएबलमधून जशीच्या तशी बाहेर पडेल याची खात्री नाही.

म्हणून बायनरी डेटा व्हेरिएबलमध्ये घ्यायचाच नाही. पाइप आणि रीडायरेक्शनमध्ये (इनपुट-आउटपुट फाइलीकडे वळवताना) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बाइटचा अर्थ लावत बसत नाही. फाइली वाचणाऱ्या, कॉपी करणाऱ्या आणि ताडून पाहणाऱ्या कॅट, डीडी, सीएमपी या कमांडना नलची काही अडचण नाही. तुलना करायची तर सीएमपीला दोन फाइली द्याव्यात, मधला टप्पा हवा असेल तर एमकेटेम्पने तात्पुरती फाइल करावी. व्हेरिएबलच हवे असेल तर आधी एन्कोडिंग करावे, म्हणजे डेटा साध्या अक्षरांत लिहावा: बेस६४मध्ये दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात, हेक्समध्ये आकार दुप्पट होतो.

स्ट्रिंगमध्ये शिरू न शकणारा हाच बाइट फाइलनावांच्या बाबतीत मात्र फार उपयोगी पडतो. युनिक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल हे दोनच बाइट चालत नाहीत. स्पेस, अवतरणचिन्ह, अगदी न्यूलाइनही चालते. त्यामुळे ओळीमागे एक नाव असे धरून लिहिलेली स्क्रिप्ट एखाद्या विचित्र नावावर चुकते, आणि पुढे फाइल पुसणारी आरएम कमांड असेल तर भलतीच फाइल उडते. संपूर्ण पाथ एकमेकांपासून निःसंशय वेगळे ठेवायला नलच हवा, कारण स्लॅश पाथच्या आतच असतो. फाइली शोधणाऱ्या फाइंडचा ‘-प्रिंट०’ आणि मिळालेली नावे दुसऱ्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्सचा ‘-०’ हे पर्याय त्यासाठीच आहेत. ग्नूच्या सॉर्ट आणि ग्रेपमध्ये ‘-झेड’ आहे. बॅशच्या रीड या इनपुट वाचणाऱ्या कमांडमध्ये ‘-डी’पुढे रिकामी स्ट्रिंग दिली की विभाजक नल होतो: रिकाम्या स्ट्रिंगचा पहिला बाइट म्हणजे तिचा शेवट दाखवणारा नलच. त्याच रीडला ‘-आर’ द्यावा आणि आयएफएस (मजकूर कुठे तोडायचा ते ठरवणारे व्हेरिएबल) रिकामा ठेवावा, नाहीतर नावातले बॅकस्लॅश आणि कडेच्या स्पेस जातात. ‘-प्रिंट०’, ‘-०’ आणि रीडचा ‘-डी’ हे २०२४ च्या पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकात दाखल झाले.

लिनक्स स्वतःही हीच पद्धत वापरते. चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या प्रॉक डिरेक्टरीतील ‘एन्व्हायरन’ आणि ‘सीएमडीलाइन’ या फाइलींत नोंदी नलने विभागलेल्या असतात. वाचायच्या असतील तर बाइट बदलणाऱ्या टीआर कमांडने नलच्या जागी न्यूलाइन घालतात.