लेफ्ट टॅकल (अमेरिकन फुटबॉल)

लेफ्ट टॅकल हे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ या पाच जणांच्या फळीतील डाव्या बाजूचे शेवटचे स्थान असून त्या स्थानावर खेळणाऱ्या खेळाडूलाही हेच नाव आहे. फळीच्या मधोमध सेंटर असतो. तो दोन पायांमधून चेंडू मागे देतो, म्हणजे स्नॅप करतो, आणि डाव सुरू होतो. त्याच्या दोन्ही हातांना एकेक गार्ड आणि गार्डांच्या बाहेर एकेक टॅकल उभा राहतो. या पाच जणांना एरवी पुढे फेकलेला पास झेलण्याची मुभा नसते. चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणे आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला उसंत मिळेल असा आडोसा त्याच्याभोवती धरणे, ही त्यांची दोन कामे होत. ‘टॅकल’ या शब्दाचा खेळातील रूढ अर्थ चेंडू नेणाऱ्याला पकडून खाली पाडणे असा आहे. या खेळाडूवर मात्र तसे करण्याची वेळ चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला तरच येते.

बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. फेकण्याच्या तयारीत त्यांचा डावा खांदा मैदानाच्या पुढच्या दिशेला वळतो आणि डावीकडे मागून येणारा माणूस त्यांना दिसत नाही. या न दिसणाऱ्या बाजूला ‘ब्लाइंड साइड’ म्हणतात, आणि तिची राखण लेफ्ट टॅकलकडे असते. क्वार्टरबॅक डावखुरा असेल, तर हीच जबाबदारी राइट टॅकलवर जाते.

या स्थानाचे मोल लोकांच्या ध्यानात आले ते एका बचावपटूमुळे. लॉरेन्स टेलर १९८१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघात आला. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू, असूनही तो फळीच्या टोकावरून ज्या वेगाने क्वार्टरबॅकवर चढाई करी, तो वेग रोखणे त्या काळच्या रचनेत आडोसा धरायला ठेवलेल्या रनिंग बॅकच्या (एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) आवाक्याबाहेरचे होते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी ३ जानेवारी १९८२ च्या बाद फेरीच्या सामन्यात जॉन एअर्स या गार्डला आपली जागा सोडून टेलरला अडवायला लावले आणि सामना ३८–२४ असा जिंकला. पण आतली जागा उघडी टाकून बाहेरची बुजवण्याचा हा तोडगा कायमचा ठरणारा नव्हता. पुढे १८ नोव्हेंबर १९८५ रोजी, दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवल्या जाणाऱ्या सोमवार रात्रीच्या सामन्यात, टेलरच्या झडपेखाली वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. थाइसमन त्यानंतर एकही सामना खेळला नाही. संघाचा सर्वांत महाग खेळाडू एका क्षणात कायमचा गमावता येतो, हे त्या रात्री सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

त्याआधीच नियमांचाही कल बदलला होता. नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) १९७८ मध्ये फळीतील खेळाडूंना पास-संरक्षणात हात पुढे ताणून उघड्या तळव्यांनी प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची परवानगी दिली. तोवर कोपर आणि खांदा यांवरच बरीचशी भिस्त असे. आजचे सगळे तंत्र या एका सवलतीवर उभे आहे. लांब हातांना किंमत आली तीही याचमुळे, आणि आज निवड करणारे टॅकलच्या हाताची लांबी इंचाच्या अंशापर्यंत मोजतात.

पास-संरक्षणात टॅकलला मागे सरत लढावे लागते. आपल्याहून हलक्या, चपळ आणि पुढे धावणाऱ्या माणसासमोर उलट्या पावलांनी जात तोल राखणे, ही या स्थानाची खरी विद्या आहे. स्नॅपपूर्वी तो दोन पायांवर अर्धवट बसून किंवा एक हात जमिनीला टेकवून पवित्रा घेतो. डावा पाय उजव्याच्या किंचित मागे, कंबर खाली, पाठ ताठ आणि वजन उजव्या तळपायाच्या आतल्या कडेवर. चेंडू हलताच उजव्या पायाने जमीन रेटून डावा पाय तिरकस मागे टाकला जातो आणि उजवा त्याच्यामागोमाग गवताला घासत ओढला जातो. या सरकत्या चालीला ‘किक-स्लाइड’ म्हणतात. पावले जुळता कामा नयेत आणि एकमेकांवरून तर मुळीच जाता कामा नयेत. पाय जुळलेले असताना छातीत बसलेला धक्का दीडशे किलोंच्या माणसालाही मागे उडवतो.

क्वार्टरबॅकपर्यंतची सर्वांत जवळची वाट टॅकलच्या आतल्या, म्हणजे उजव्या खांद्यावरून जाते. म्हणून आतली बाजू आधी राखायची आणि चढाई करणाऱ्याला बाहेरून लांबचा वळसा घ्यायला लावायचा, हा पहिला पाठ असतो. बाहेरच्या वेगाला घाबरून टॅकलने कंबर लवकर वळवली, तर प्रशिक्षक त्याला ‘फाटक उघडले’ असे म्हणतात, आणि सराईत प्रतिस्पर्धी त्याच क्षणाची वाट पाहत बाहेरची हूल देऊन आत घुसतो. वळसा घेणारा क्वार्टरबॅकच्या मागे निघून गेला, तर टॅकल त्याला त्याच दिशेने आणखी ढकलून देतो आणि क्वार्टरबॅक पुढे, आडोशाच्या आत सरकतो. हा दोघांचा करार आहे. क्वार्टरबॅक ठरलेल्या अंतरापेक्षा मागे गेला, तर टॅकलने अचूक काम करूनही त्याच्या माथी अपयश येते. असे कित्येक डाव प्रेक्षक टॅकलच्या खात्यावर चुकीने मांडतात.

हातांचे काम कुस्तीच्या जवळ जाणारे आहे, आणि शाळा-महाविद्यालयात कुस्ती खेळलेले अनेक जण या फळीत दिसतात. कोपरे बरगडीशी, अंगठे वर आणि तळवे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर खांद्यांच्या आत, असा धक्का योग्य क्षणी बसला पाहिजे. तो लवकर दिला तर समोरचा हात झटकून निसटतो. उशीर झाला तर त्याचेच हात टॅकलच्या छातीत आधी पोहोचतात. जाणता टॅकल म्हणून दोन्ही हात एकदम टाकत नाही, एकाने अंदाज घेतो आणि दुसरा राखून ठेवतो. हात खांद्याबाहेर जाऊन कापडात अडकले की होल्डिंगचा, म्हणजे बेकायदा धरून ठेवण्याचा, दंड होतो आणि संघ १० यार्ड मागे जातो. सरळ छातीवर येणारा रेटा मात्र केवळ हातांनी थांबत नाही. तिथे एक-दोन छोट्या उड्यांनी मागे जात कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेखाली नेऊन टाचा रोवाव्या लागतात. याला नांगर टाकणे म्हणतात. परक्या मैदानावर गोंगाटामुळे क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही. तेव्हा टॅकलला सेंटरच्या डोक्याच्या हालचालीवर एक डोळा ठेवून निघावे लागते आणि समोरच्याला निमिषभराची आघाडी मिळते.

धावेच्या डावांत याच माणसाला उलट वृत्तीने पुढे झेपावावे लागते, कधी गार्डच्या जोडीने एकाला रेटून मग दुसऱ्यावर जावे लागते. पण लेफ्ट टॅकलची निवड प्रामुख्याने पास-संरक्षणाच्या कसोटीवरच होते.

सिनसिनाटी बेंगल्सचा अँथनी मुन्योझ हा या स्थानाचा मानदंड मानला जातो. महाविद्यालयात गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्याने १९८० च्या खेळाडू-निवडीपूर्वी (या निवडीत संघ आळीपाळीने नवे खेळाडू घेतात) त्याच्याविषयी शंका होत्या. संघाचे प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग स्वतः एकेकाळचे नामांकित टॅकल; चाचणी घेताना ते स्वतःच त्याच्यावर चढाई करत गेले, आतल्या बाजूला हूल दिली आणि मुन्योझच्या धक्क्याने जमिनीवर पाठ टेकून पडले. बेंगल्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि पुढे तो सलग ११ वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. बाल्टिमोर रेव्हन्सने आपल्या इतिहासातील पहिली निवड १९९६ मध्ये ६ फूट ९ इंच उंचीच्या जोनाथन ऑग्डेनवर खर्च केली, हेही या स्थानाच्या महत्त्वाचे द्योतक आहे.

पैशाच्या रूपात हे महत्त्व १९९३ मध्ये उघड झाले, कारण त्या वर्षी खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. विल वुल्फर्ड हा लेफ्ट टॅकल बफेलो संघ सोडून इंडियानापोलिस कोल्ट्सकडे तीन वर्षांसाठी ७६.५ लाख डॉलरला गेला आणि संघाच्या आक्रमणातील खेळाडूंत त्याच्याहून अधिक वेतन कोणालाही नसेल, असे कलम त्याच्या करारात होते. लेफ्ट टॅकल ट्रेंट विल्यम्सने २०२१ मध्ये फोर्टीनाइनर्सशी केलेला सहा वर्षांचा करार सुमारे १३.८ कोटी डॉलरचा होता. चांगल्या टॅकलवाचून काय होते हे त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला सुपर बोल या अंतिम सामन्यात दिसले. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जायबंदी असलेल्या कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सामनाभर जीव घेऊन धावत राहिला आणि संघ ३१–९ असा हरला.

अलीकडे बचावाचे प्रशिक्षक आपला उत्तम चढाईपटू दोन्हींपैकी कोणत्याही टोकाला उभा करतात, त्यामुळे डाव्या-उजव्यातील दरी बरीच बुजली आहे. डेट्रॉइट लायन्सच्या पेनेई स्यूएलला २०२४ मध्ये मिळालेला चार वर्षांचा ११.२ कोटी डॉलरचा करार राइट टॅकलसाठी होता.

एकटा टॅकल संघाला कुठवर नेऊ शकतो, याचा विचार क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जो थॉमसवाचून पुरा होत नाही. २००७ मध्ये पदार्पण केल्यापासून तो सलग १०,३६३ डाव एकदाही बाहेर न बसता खेळला. त्याच्या राखणीत वीस वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांनी सामन्यांची सुरुवात केली, पण संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेनेसी टायटन्सविरुद्ध त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि ती मालिका थांबली. त्या हंगामात ब्राउन्स सोळाच्या सोळा सामने हरले. २०२३ मध्ये, पात्र ठरताच पहिल्याच वर्षी, थॉमसचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.