हौशी मोटार स्पर्धा आणि कोल्हापूरचा प्रेक्षक

क्रमांकाची पाटी असलेली आणि एरवी घर, शेत किंवा कारखान्याच्या कामासाठी रस्त्यावर धावणारी मोटारगाडी घेऊन तिच्या मालकानेच वेग, प्रवेग, वळणावरील पकड व ब्रेक यांची कसोटी पाहणाऱ्या स्पर्धेत उतरणे, या खेळप्रकारास हौशी मोटार स्पर्धा म्हणता येईल. यातील चालक या खेळावर उपजीविका करीत नाहीत आणि बक्षिसातून गाडीवरचा खर्चही सहसा निघत नाही. दीर्घकाळ हे सामने स्पर्धक, त्यांचे मेस्त्री आणि मित्रमंडळी यांच्यापुरतेच राहिले. गेल्या दोन दशकांत मात्र केवळ पाहण्यासाठी येणारा वेगळा वर्ग भारतात तयार झाला आहे. या बदलाच्या अभ्यासासाठी कोल्हापूर हे महत्त्वाचे ठिकाण आहे, कारण येथे मोटार स्पर्धा रुजण्यापूर्वीच शर्यतीचा जाणता प्रेक्षक होता आणि इंजिन उघडून पुन्हा जोडणारा कारागीरही होता. उणीव राहिली ती अधिकृत आणि सुरक्षित जागेची.

स्पर्धांचे प्रकार : प्रेक्षकांना सर्वांत लवकर समजते ती ड्रॅग रेस. सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि बहुधा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कापतात. सुटण्याची खूण उभ्या खांबावरील दिव्यांनी मिळते. प्रचलित पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि त्यानंतर हिरवा लागतो. प्रकाशकिरण तुटण्याच्या क्षणावरून वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. चालकाने दिव्याला प्रतिसाद देण्यास घेतलेला वेळ आणि गाडीने अंतर कापण्यास घेतलेला वेळ यांची मोजणी स्वतंत्र असते. त्यामुळे कमी वेळात अंतर कापणारी गाडी मागे राहून दुसरी आधी पोहोचली, असे घडू शकते. नवख्या प्रेक्षकाला हे कोडे वाटते आणि जाणत्याला त्यातच गोडी वाटते.

असमान ताकदीच्या गाड्यांना समोरासमोर आणण्यासाठी आणखी एक युक्ती वापरली जाते. प्रत्येक चालक आपल्या गाडीला लागणारा वेळ आधीच जाहीर करतो आणि दोन वेळांतील फरकाइतकी सवलत हळू गाडीला मिळते. उदाहरणार्थ, एकाने १७.५ सेकंद आणि दुसऱ्याने १४ सेकंद जाहीर केले, तर पहिला साडेतीन सेकंद आधी सुटतो. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सर्वसाधारणपणे बाद ठरतो, म्हणून मुद्दाम जास्त वेळ सांगून सवलत लाटता येत नाही. या पद्धतीमुळे जुनी छोटी हॅचबॅकही टर्बो इंजिनाच्या महागड्या सेडानला हरवू शकते, आणि मैदानाचा कौल अशा वेळी जवळजवळ नेहमी लहान गाडीच्या बाजूने असतो.

ऑटोक्रॉसमध्ये शंकू ठेवून आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरून बहुधा एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ हाच प्रतिस्पर्धी असतो. अमेरिकेत ही स्पर्धा बहुधा डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या आवारात होते आणि तेथील स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांनुसार पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे दोन सेकंद वाढवले जातात. भारतात ती मोठ्या प्रमाणावर मातीच्या मैदानावर होते. येथे पकड सुटणे, गाडीचा मागचा भाग फिरणे आणि चालकाने स्टेअरिंगवर ती सावरणे या गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात. वेगाने येऊन आखलेल्या चौकटीत गाडी थांबवण्याची कसोटी, घाट चढण्याची वेळ मोजणारी स्पर्धा आणि ठरवून दिलेला सरासरी वेग राखण्याची टी.एस.डी. (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतर) रॅली हे इतर प्रकार होत. टी.एस.डी. रॅलीत कौशल्य मोठे असले, तरी ती अचूकतेची परीक्षा असल्याने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही.

पूर्वपीठिका : या खेळाची संघटित सुरुवात अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर जुन्या गाड्या सुधारून पळवणाऱ्या तरुणांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील रस्त्यांवर रात्री लागणाऱ्या शर्यती हा चिंतेचा विषय झाला, आणि त्या शर्यती निरुपयोगी विमानपट्ट्यांवर व नियमांच्या चौकटीत आणाव्यात या भूमिकेतून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. बंदोबस्ताबरोबर पर्यायी जागाही द्यावी हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही तितकाच ग्राह्य आहे.

काळाच्या ओघात ड्रॅग रेस व्यावसायिक झाली आणि तिच्यातील वाहने रस्त्यावरील गाड्यांपासून दूर गेली. त्याची प्रतिक्रिया म्हणून ‘खरोखर रस्त्यावर चालणारी गाडी’ हा निकष पुन्हा पुढे आला. २००५ पासून होणाऱ्या ‘ड्रॅग वीक’मध्ये स्पर्धकांना आठवडाभरात अनेक पट्ट्यांवर वेळ नोंदवावी लागते आणि त्या पट्ट्यांमधील सुमारे १,००० मैलांचा प्रवास त्याच गाडीने सार्वजनिक रस्त्यावरून करावा लागतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑप्टिमा अल्टिमेट स्ट्रीट कार’ या स्पर्धेत ऑटोक्रॉस, वेग घेऊन थांबणे, ट्रॅकवरील फेरी आणि रस्त्यावरील प्रवास यांच्या जोडीने गाडीची रचना व बांधणी यांनाही गुण असतात. आरंभी निमंत्रितांपुरती असलेली ही स्पर्धा पुढे प्रादेशिक फेऱ्यांमुळे सामान्य गाडीमालकांना खुली झाली आणि दूरचित्रवाणीवरही पोहोचली. प्रेक्षक वाढण्यामागे हा खुलेपणा मोठा होता.

भारतात चेन्नईजवळची शोलावरमची जुनी विमानपट्टी १९५०च्या दशकापासून शर्यतींचे केंद्र होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला, १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी ट्रॅक आला आणि पुढे कोइमतूर येथे कारी मोटर स्पीडवे उभा राहिला. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिने मोटार खेळाला प्रसिद्धी दिली, पण पन्हाळ्याच्या वा शिरोळच्या तरुणाला त्या गाडीशी स्वतःचा संबंध जोडता येत नव्हता. महाराष्ट्रात तो संबंध जुळला तो लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरील ‘द व्हॅली रन’सारख्या ड्रॅग स्पर्धांमुळे, कारण तेथे परदेशी गाड्यांच्या रांगेत स्विफ्ट, पोलो, ऑक्टाव्हिया, होंडा सिटी या ओळखीच्या गाड्याही उभ्या असत. देशातील मोटार खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धांसाठी चालकाला परवाना लागतो.

कोल्हापूर : कोल्हापूरचा प्रेक्षक मैदानावर वाढलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात मध्यभागी आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसालाही डाव स्पष्ट दिसतो. फुटबॉलमध्ये पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि पेठांची ईर्षा शाहू स्टेडियमवर प्रकटते. दिवाळीत सजवलेल्या म्हशी मोटारसायकलीमागे पळवण्याची गवळी समाजाची प्रथा पाहण्यासाठी रस्ते फुलून जातात. ग्रामीण भागात बैलगाडी शर्यतीचे वेड जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेल्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तिला सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. दसरा चौकातील शाही सोहळ्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार येते, तेव्हा ती पाहण्यासाठी होणारी गर्दीही या शहराच्या मोटारप्रेमाची साक्ष देते.

या परंपरेतून आलेला प्रेक्षक नुसता आवाज ऐकून परतत नाही. बैलगाडी शर्यतीत जोडी कोणाची, खोंड कोणत्या गावचे आणि गाडीवान कोण याची चर्चा होते. मोटार स्पर्धेत तीच चौकशी इंजिन कोणते, टर्बो बदलला आहे का, टायर कोणते आणि काम कोणत्या मेस्त्रीचे या रूपाने होते. जिंकणाऱ्या चालकाइतकेच श्रेय गाडी बांधणाऱ्याला देण्याची येथील रीत या खेळाचे मर्म बरोबर ओळखणारी आहे.

त्या रीतीला उद्योगाचा आधार आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवणारी, लेथ, बोरिंग व ग्राइंडिंगची कामे करणारी छोटी कारखानदारी वाढली, तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत वाहन उद्योगासाठी ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आणि पिस्टनसारखे भाग बनवणारे कारखाने आहेत. सिलिंडर ब्लॉकचे ओतकाम ज्याने हाताळले आहे किंवा व्हॉल्व्हची बैठक ज्याने स्वतः कापली आहे, अशा माणसासाठी ४०२ मीटरची धाव ही कामाची जाहीर तपासणी असते. कार्ब्युरेटरच्या काळात जेट बदलणे, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, पोर्ट पॉलिश करणे ही कामे हाताने होत. आता इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकाचे रीमॅपिंग, म्हणजे त्यातील आज्ञावली बदलण्याचे काम, लॅपटॉपवर होते. पण वाढलेली ताकद क्लच, ब्रेक आणि टायर यांना झेपावी लागते, म्हणून जुन्या कारागिराचे महत्त्व ओसरलेले नाही.

अधिकृत मोटार खेळात कोल्हापूरचे नाव प्रामुख्याने कार्टिंगमुळे, म्हणजे छपराविना असलेल्या छोट्या, बुटक्या गाड्यांच्या शर्यतींमुळे, झाले. शहराजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. फोक्सवॅगनच्या एकाच प्रकारच्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घेतलेले ध्रुव मोहिते आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिक हे कोल्हापूरचे चालक आहेत. कार्टिंगने या भागाला आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिली : झेंड्यांचे अर्थ, मार्शलची आज्ञा आणि हेल्मेटशिवाय ट्रॅकवर पाऊल न ठेवण्याची शिस्त. प्रेक्षकांनाही ती जवळून पाहायला मिळाली. मात्र कार्टिंगच्या अरुंद आणि आखूड मार्गावर मोठ्या गाड्यांची वेगवान स्पर्धा घेता येत नाही, आणि ड्रॅग रेससाठी ४०२ मीटरच्या पट्ट्यापुढे गाडी थांबवायला आणखी बरीच मोकळी जागा लागते.

कायदा : अधिकृत जागा नसली की शर्यत महामार्गावर किंवा घाटात लागते, आणि तेथे उभा राहणारा प्रेक्षक स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत लावू देणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. रात्रीच्या अशा धावांचे चित्रण मोबाइलवर पसरते आणि त्यांच्याभोवती शौर्याचे वलय तयार होते. या खेळाची सर्वांत मोठी हानी त्यानेच होते, कारण परवानगी मागणाऱ्या प्रामाणिक आयोजकाकडेही मग संशयाने पाहिले जाते.

प्रेक्षकांची सुरक्षा : गाडीतील चालकाला नळ्यांचा संरक्षक पिंजरा, पट्टा आणि हेल्मेट यांचे संरक्षण असते, कडेला उभ्या असलेल्याला केवळ अंतराचे असते. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत गाडी गर्दीत शिरून प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि सर्वाधिक ताकदीच्या त्या ‘ग्रुप बी’ गाड्यांवर बंदी आली. १४ ऑगस्ट २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील रात्रीच्या ऑफ-रोड शर्यतीत ट्रक उलटून आठ प्रेक्षक ठार झाले. लोक मार्गाच्या अगदी कडेला उभे होते आणि मध्ये कोणताही कठडा नव्हता. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कोणालाही उभे न करणे, बैठक मार्गापासून दूर व उंचावर ठेवणे, पट्ट्याच्या शेवटी पुरेशी थांबण्याची जागा सोडणे, आणि रुग्णवाहिका व अग्निशामक साधने जागेवर असल्याखेरीज पहिली गाडी न सोडणे या किमान अटी होत. दूर आणि उंच बसलेल्याला ऑटोक्रॉसचा संपूर्ण मार्ग दिसतो, म्हणजे सुरक्षित बैठक हीच पाहण्यासाठीही उत्तम असते. खासबागेच्या रचनेत वाढलेल्या गावाला हे पटवून द्यावे लागू नये.

वर्गवारी : रस्त्यावरील गाडीत कितपत बदल करावेत, हा या खेळातील न सुटलेला प्रश्न आहे. अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. परिणामी अधिक ताकदीच्या गाड्या रस्त्याने न येता वाहक ट्रकवर लादून स्पर्धेच्या ठिकाणी आणल्या जातात आणि रोजच्या वापरातील गाडी या मूळ कल्पनेपासून दूर जातात. यावर उपाय म्हणून मूळ स्थितीतील गाड्या आणि फेरफार केलेल्या गाड्या असे वेगळे गट ठेवतात व त्यांत पुन्हा इंजिनाच्या क्षमतेनुसार उपगट पाडतात. विक्रमी वेळ सहसा फेरफार केलेल्या गटात नोंदली जाते. मूळ गटाकडे प्रेक्षक ओढला जातो तो त्यात त्याच्या स्वतःच्या दारात उभी असलेली गाडी धावते म्हणून.